'पूर्ण नाव काय?' : मुंबईतील घरशोधाचा इतिहास, दलाल ते ॲप

आमच्या अभ्यासवर्गातल्या एका तरुणाला परळ-लालबाग भागात वन रूम किचन भाड्याने हवे होते. नोकरी परळच्या इस्पितळात, रात्रपाळी असते, म्हणून घर जवळ हवे. एका संकेतस्थळावर जाहिरात सापडली. फोटो, नकाशा, भाडे, डिपॉझिट, सगळे दिलेले. त्याने एजंटला फोन केला. "घर रिकामे आहे, संध्याकाळी बघायला या," असे उत्तर आले. फोन ठेवता ठेवता एजंटने विचारले, "पूर्ण नाव काय म्हणालात?" नाव सांगितले. "बरं, मालकांना विचारून कळवतो." संध्याकाळी मेसेज आला, घर गेले.

जाहिरात मात्र गेली नाही. चौथ्या दिवशी आमच्यातल्याच एका सहकाऱ्याने, ज्याच्या आडनावावरून लोक त्याला सवर्ण समजतात, त्याच नंबरवर फोन केला. घर रिकामे होते. मालक 'चांगल्या फॅमिली'च्या शोधात होते.

यात नवे काही नाही, हे आम्हालाही माहीत आहे. पण हा प्रसंग वर्गात सांगितला तेव्हा एका मुलीने विचारले, "मग घर शोधायला कोणते ॲप चांगले?" प्रश्न व्यवहाराचा आहे आणि त्याचे व्यवहारी उत्तर आम्ही खाली देणार आहोत. पण आधी एक समज तपासू. आपल्या शिकलेल्या तरुणांमध्ये असे मानले जाते की दलालाच्या तोंडी बाजारात जात चालत होती, आता सगळे ऑनलाइन झाले, संगणकाला जात कळत नाही. गिरगाव ते परळ या पट्ट्यातल्या घरांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही.

प्लेग, ट्रस्ट आणि दोन खोल्या

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीच्या मांडवी भागातून तो शहरभर पसरला. सरकारने १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, वस्त्या पाडल्या आणि काही ठिकाणी कामगारांसाठी चाळी बांधल्या. पाडले जास्त, गरिबांसाठी बांधले कमी, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. तरी ज्या बीआयटी चाळी उभ्या राहिल्या, त्यांतल्या परळच्या चाळीला आपल्या इतिहासात वेगळे स्थान आहे. सुभेदार रामजी आंबेडकरांचे कुटुंब मुंबईत आल्यावर आधी लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले आणि पुढे परळच्या बीआयटी चाळीत आले. तिथल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे काढली. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, विधिमंडळात बसणारा, महाडचा सत्याग्रह करणारा माणूस याच खोल्यांतून बाहेर पडत होता आणि याच खोल्यांत परतत होता. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले ते १९३० च्या दशकात, म्हणजे त्यांनी स्वतः जमीन घेऊन स्वतःचे घर बांधले तेव्हा.

ट्रस्टनंतर १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. या चाळी आपल्या चळवळीच्या पाठीचा कणा आहेत. जलसे इथे झाले, वाचनालये इथे चालली, जयंतीच्या मिरवणुका इथूनच निघाल्या. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल झाली, त्यात पँथरचे भागवत जाधव मारले गेले. तीही याच वस्त्यांची कहाणी.

या घरांचा मालक सरकार होते. आपल्या माणसांना शहराच्या मध्यभागी पक्के छप्पर मिळाले, ते बहुतेक अशा ठिकाणी मिळाले जिथे घर देणारा खासगी मालक नव्हता. तरी चाळींच्या आतही कोणती इमारत कोणाची हे सगळ्यांना ठाऊक असे. गिरणीतही तसेच होते. विणकाम खात्यात जास्त मजुरी, पण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून अस्पृश्य कामगाराला प्रवेश नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. जास्त मजुरी नाही म्हणजे बरी खोली नाही. घराचा प्रश्न पगारापाशीच सुरू होतो.

बडोद्यातला घरशोध

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेला हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. पण तो घर शोधण्याचा अनुभव म्हणून पुन्हा वाचायला हवा.

हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी पारशी नाव धारण करून खोली घेतली. भाडे रोजचे दीड रुपया. अंधारी, रिकामी इमारत. घर शोधायला वेळ मिळेल म्हणून त्यांनी ते सहन केले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी लोक जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. मग त्यांनी दोन मित्रांकडे विचारणा केली. हिंदू मित्राचा प्रश्न होता, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती झालेल्या मित्राने पत्नीला विचारून सांगतो म्हटले. बाबासाहेबांनी सार्वजनिक बागेत काही तास काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

या प्रसंगात नकार तीन प्रकारचा आहे. पहिला काठीचा. दुसरा 'मला चालेल हो, पण घरातल्यांना चालणार नाही' असा. तिसरा 'विचारून कळवतो' असा. आज काठी सहसा दिसत नाही. उरलेले दोन प्रकार जसेच्या तसे आहेत. आमच्या तरुणाला आलेला मेसेज तिसऱ्या प्रकारातला.

आणखी एक गोष्ट. नाव बदलले तेव्हा दार उघडले आणि खरे नाव कळले तेव्हा बंद झाले. घरबाजार नावावर चालतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

सोसायटी नावाची चाळणी

बाबासाहेबांना बडोद्यात घर मिळत नव्हते त्याच्या दोनच वर्षे आधी, १९१५ मध्ये, गिरगावला लागून असलेल्या गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. मुंबईतली ही पहिली सहकारी गृहनिर्माण सोसायटी मानली जाते. सहकाराचे मोठे काम म्हणून तिचे कौतुक होते आणि ते योग्यही आहे. पण नावातच सभासद कोण ते लिहिलेले आहे. दादर-माटुंग्यात ट्रस्टने नवी वसाहत आखली तेव्हा तिथेही पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी अशीच नावे पडली. आधुनिक फ्लॅट, नळ, वीज, मोकळी हवा हे सगळे नवे होते. शेजारी कोण असावा हा विचार मात्र जुनाच राहिला.

कोणी म्हणेल, आपल्या लोकांनी एकत्र राहण्यात गैर काय? कमजोर समूहाने आधारासाठी एकत्र येणे आणि बलवान समूहाने दुसऱ्याला बाहेर ठेवणे, या दोन गोष्टी एकच नाहीत. आपल्या माणसांनी चाळीत एकत्र राहणे ही निवड नव्हती, दुसरीकडे दार बंद होते.

या दारावर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिक्का मारला. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध आहे. भेदभावाला मनाई करणारे घटनेचे बंधन राज्यसंस्थेवर आहे, खासगी संस्थेवर नाही, असा त्यामागचा विचार. म्हणजे सोसायटी कागदावर लिहून चाळणी लावू शकते.

पागडी आणि दलाल

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू सुरक्षित झाला, पण नवी खोली मिळवायची तर पागडी मोजावी लागू लागली. पागडी रोख, पावतीशिवाय, आणि कोणाला द्यायची ते मालक ठरवणार. या व्यवहारात ओळख लागते. ओळख म्हणजे गाववाला, नातेवाईक, जातवाला. गिरगाव-लालबागच्या चाळी कोकणातल्या एकेका तालुक्याने भरल्या त्या अशाच. आपल्या माणसाकडे पागडीचे पैसे असले तरी ओळख नसे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडी अधिकृत केली, पण ओळखीचा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

ज्याच्याकडे ओळख नाही त्याच्यासाठी दलाल होता. पानाच्या टपरीवर, इराण्याच्या हॉटेलात, पुढे छोट्या गाळ्यात बसणारा. दलालाची खरी पुंजी म्हणजे माहिती: कुठे खोली रिकामी आहे, आणि कोणता मालक कोणाला देत नाही. ही दुसरी माहिती कधी लिहिली जात नव्हती. ती त्याच्या डोक्यात असे. मालकाला तोंड उघडावे लागत नसे, दलाल परस्पर माणसे गाळत असे.

१९८२ चा गिरणी संप फसला. अडीच लाखांच्या आसपास कामगार देशोधडीला लागले. १९९१ चा नियम आणि २००१ ची दुरुस्ती यांमुळे गिरण्यांच्या जमिनी विक्रीला मोकळ्या झाल्या. परळ, लालबाग, लोअर परळमध्ये टॉवर उभे राहू लागले. घर ही राहण्याची जागा कमी आणि माल जास्त झाली. हा माल विकायला नवे दुकान हवे होते. ते इंटरनेटवर उघडले.

संकेतस्थळांची तुलना

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. संकेतस्थळ जोखण्याची आमची कसोटी साधी आहे: पैसे कोण देतो? जो पैसे देतो तो गिऱ्हाईक.

नाइन्टीनाइन एकर्स २००५ मध्ये सुरू झाले, नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एज कंपनीचे. मॅजिकब्रिक्स २००६ चे, टाइम्स समूहाचे. दोन्हींचा पाया वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचाच. एजंट, बिल्डर आणि मालक जाहिरात टाकतात. जाहिरात वर दिसावी म्हणून एजंट आणि बिल्डर पैसे भरतात. शोधणाऱ्याला फुकट. अशा धंद्यात आपण गिऱ्हाईक नसतो, आपला फोन नंबर हाच माल असतो. एका घरासाठी नंबर दिला की दहा एजंटांचे फोन येतात, ते यामुळे. एजंटाच्या बाजूने पाहिले तर त्याचीही कुचंबणा आहे: तो पैसे मोजून चौकशा विकत घेतो आणि तीच चौकशी इतरांनाही गेलेली असते. म्हणून तो स्वस्त भाड्याची, कधीच उठून गेलेली घरे झळकवत ठेवतो, फोन यावेत एवढ्यासाठी. फायदा एकच, पण मोठा: घरांची संख्या भरपूर, त्यामुळे कोणत्या भागात काय भाव चालू आहे याचा अंदाज येतो.

हाउसिंग डॉट कॉम २०१२ मध्ये मुंबईतच, आयआयटीतून शिकून निघालेल्या तरुणांनी सुरू केले. नकाशावर घर दाखवणे आणि स्वतःची माणसे पाठवून फोटो काढणे ही त्याची सुरुवातीची ओळख. २०१७ मध्ये ते प्रॉपटायगरच्या समूहात गेले. नकाशावरून परळ स्टेशनापासून चालत किती अंतर, हे पाहायला असा शोध उपयोगी.

नोब्रोकर २०१४ मध्ये बंगळुरूत सुरू झाले. नावाप्रमाणे दलाल वगळून मालक आणि भाडेकरू यांची गाठ घालून देणे हा त्याचा दावा. इथे कंपनी शोधणाऱ्याकडूनही वर्गणी घेते. एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली वाचते, हा खरा फायदा. पण एक बाब लक्षात घ्या. दलाल गेला म्हणजे गाळणारा गेला असे नाही. आता गाळण्याचे काम मालक स्वतः करतो, आणि त्याला ते सोपे व्हावे म्हणून अशा संकेतस्थळांवर तयार चौकटी असतात: फॅमिली की बॅचलर, शाकाहारी की मांसाहारी. 'ओन्ली व्हेज' ही चौकट कोणाला बाहेर ठेवते, हे या शहरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता तीन सरकारी संकेतस्थळे. त्यांची जाहिरात कमी होते, म्हणून आपले तरुण तिकडे वळत नाहीत. महारेरा १ मे २०१७ पासून चालू आहे. नव्या प्रकल्पाची नोंदणी, ताबा देण्याची तारीख, चटई क्षेत्र, बिल्डरवरचे खटले तिथे फुकट दिसतात. एजंटालाही नोंदणी सक्तीची आहे आणि आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. ज्या एजंटाकडे नोंदणी क्रमांक नाही, त्याच्यामार्फत नवे घर घेऊ नका. दुसरे, नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च सेवा. खासगी संकेतस्थळावर मालकाला हवी असलेली किंमत असते, इथे दस्तात नोंदलेली असते. दोन्ही शेजारी ठेवून पाहा. तिसरे म्हाडाची सोडत. अनुसूचित जातींना ११ टक्के आरक्षण, त्यात नवबौद्ध धरलेले, आणि निवड संगणकावर. इथे 'विचारून कळवतो' नाही. दादर-परळ भागातले घर लागले तरी किंमत झेपत नाही, ही अडचण खरी आहे. पण ती पैशांची अडचण आहे, नावाची नाही.

थोडक्यात, भाव समजून घ्यायला मोठी खासगी संकेतस्थळे, दलाली वाचवायला थेट मालकाची, विकत घ्यायचे असेल तर महारेरा आणि ई-सर्च पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. भाड्याने घेताना करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या कायद्याने तो बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे.

लिहिलेला भेदभाव

२०१३ मध्ये दादरमधल्या एका फ्लॅटची जाहिरात नाइन्टीनाइन एकर्सवर आली होती. सोसायटी कॉस्मोपॉलिटन आहे आणि मुसलमानांना घर नाही, या दोन्ही गोष्टी एकाच जाहिरातीत. बातम्या आल्या, राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाकडे तक्रार गेली, जाहिरात काढली गेली. ज्या गोष्टी दलाल कधी कागदावर आणत नव्हता ती इंटरनेटने लिहून घेतली. म्हणूनच ती पकडली गेली. त्यानंतर लोक शहाणे झाले, म्हणजे लिहिणे थांबले, गाळणे थांबले नाही.

सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच मोजून दाखवले आहे. जाहिरातीतल्या घरांसाठी वेगवेगळ्या नावांनी चौकशी केली. सवर्ण नावाला दार उघडे, दलित नावाला नकार, मुस्लिम नावाला सर्वांत जास्त नकार.

इथे स्वतःकडेही पाहू. आपल्यातले काही जण आता मालक झाले आहेत. वरळीच्या बीडीडी पुनर्विकासात २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या, घर ५०० चौरस फुटांचे. आनंदाची गोष्ट आहे. पण यापुढे आपल्याच वस्तीतले कोणी भाडेकरू ठेवताना 'मुसलमान नको, भय्या नको' म्हणाले, तर १९१७ च्या बडोद्यातले काठीवाले आणि आपण यांत फरक काय राहिला? देव्हाऱ्याच्या जागी बुद्धमूर्ती ठेवल्याने हा प्रश्न मिटत नाही.

कायदा आहे, पुरावा हवा

अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिल १९६८ रोजी, फेअर हाउसिंग कायदा झाला. घर विकताना, भाड्याने देताना आणि जाहिरात करतानाही वंश, वर्ण, धर्म यांवरून भेद करता येत नाही. २००८ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने रूममेट्स डॉट कॉमच्या खटल्यात म्हटले की भेदाचे प्रश्न संकेतस्थळच विचारून गाळणी लावत असेल, तर 'लिहिणारे दुसरे, आम्ही फक्त फळा' असे म्हणून सुटता येत नाही. रूममेट निवडण्याला हा कायदा लागू नाही म्हणून ती कंपनी पुढे २०१२ मध्ये सुटली, पण चौकट कोण बनवते हा मुद्दा राहिला. घरांच्या जाहिराती ठरावीक गटांना दिसूच नयेत अशी सोय फेसबुकवर होती. त्यावरून २०१९ मध्ये सरकारने कारवाई केली आणि २०२२ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली.

आपल्याकडे असा सर्वंकष कायदा नाही. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते आहेत, राहते घर नाही. पण हात अगदीच रिकामे नाहीत. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ चे कलम ४ पाहा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहते घर बांधायला, मिळवायला किंवा तिथे राहायला अडवणे हा गुन्हा आहे. कलम १२ सांगते की पीडित अनुसूचित जातीचा असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे गृहीत धरावे. १९९० पासून बौद्ध अनुसूचित जातीतच मोडतात. हा कायदा घराच्या नकारासाठी आपण क्वचितच वापरतो, कारण पुरावा नसतो. 'घर गेले' या दोन शब्दांवर खटला उभा राहत नाही.

इथेच ऑनलाइन बाजार आपल्या कामाचा आहे. जाहिरातीला तारीख असते, मेसेज राहतो, स्क्रीनशॉट काढता येतो. अमेरिकेतल्या संघटना जोडीने चाचणी करतात: एकाच घरासाठी सारख्या पगाराचे, सारख्या नोकरीचे दोघे जण, फरक फक्त नावाचा. १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचणी करणाऱ्यांचा दावा दाखल करण्याचा हक्क मान्य केला. आमच्या तरुणाच्या बाबतीत आम्ही नकळत हेच केले, पण नोंद नीट ठेवली नाही. वेळ लिहिली नाही, पहिल्या फोनचा काही पुरावा नाही. तक्रार तिथेच अडली. ही चूक आमची.

म्हणून आता गिरगाव, दादर, परळ, लालबागमधल्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. प्रत्येक अभ्यासवर्गाने दोघांची एक जोडी तयार करावी. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तारीख, वेळ, दोन्ही फोनचे उत्तर, 'पूर्ण नाव' कधी विचारले, जाहिरात किती दिवस राहिली, एवढे एका वहीत उतरवावे. एखाद्या सहृदय वकिलाला ती वही आधीच दाखवून ठेवावी. वर्षभरात अशा पन्नास नोंदी जमल्या तर पोलीस ठाणे, आयोग आणि विधिमंडळ यांच्यापुढे नेण्यासारखे काहीतरी हातात असेल. भाड्याच्या आणि विक्रीच्या घरांसाठी भेदभावविरोधी कायदा आणि संकेतस्थळांवरच्या अशा चौकटींना बंदी, ही मागणी तेव्हा नुसती घोषणा राहणार नाही.

त्या तरुणाला अखेर शिवडीत घर मिळाले. मालकाने नाव विचारले, नोकरी विचारली आणि किल्ली दिली. असे मालकही आहेत. पण घर मिळणे हे मालकाच्या चांगुलपणावर सोडायचे असते, तर संविधानाची गरजच पडली नसती.

जय भीम!